झेंडू म्हणजे नेमका कोणता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

झेंडूच्या पाकळ्या तेलात मुरवून ते तेल त्वचेला लावावे, असा सल्ला आपल्या पुरवणीतील बागकामाच्या लेखात नुकताच वाचला. सल्ला चुकीचा नाही. पण तो कोणत्या झेंडूविषयी आहे हे लेखात कुठेच आलेले नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. मलमासाठी वापरतात ते फूल कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस. आपण सर्रास ज्याला झेंडू म्हणतो तो टॅजेटिस. कूळ सूर्यफुलाचे असले, तरी त्यांचे गुण एक नव्हेत. (टॅजेटिसच्या एका जातीला ‘आफ्रिकन झेंडू’ म्हणतात आणि तिचे मूळ मेक्सिकोकडचे आहे, तेव्हा नावांचा हा घोळ जुनाच म्हणायचा.)

मी स्वतः एक हंगामभर भलत्याच झेंडूचे तेल मुरवत बसलो होतो, म्हणून हे लिहीत आहे. फरक खरे तर बी हातात घेताच कळतो. टॅजेटिसचे बी काडीसारखे सरळ, काळे आणि टोकाला फिकट कुसळे असलेले, तर कॅलेंड्युलाचे तपकिरी, खरबरीत आणि कोयत्यासारखे वाकडे. टॅजेटिसची पाने कातरलेली व उग्र वासाची. कॅलेंड्युलाचे पान अखंड, लांबट असते आणि त्याचे फूल खुडताना बोटांना चिकट राळ लागते. औषधी गुणाचा बराचसा भाग या राळेतच असल्यामुळे नुसत्या पाकळ्या न घेता पूर्ण फूल सावलीत कडकडीत वाळवावे. ओल राहिली तर तेलाला बुरशी धरते. हे रोप थंड हवेत खुलते आणि फुले जितकी खुडावीत तितकी नवी येत राहतात. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २५४ रुग्णांपैकी ज्यांना कॅलेंड्युलाचे मलम दिले, त्यांच्या त्वचेचा दाह तुलनेसाठी वापरलेल्या मलमापेक्षा कमी आढळला. या कुळातील फुलांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी मात्र ते टाळावे.

स्वयंपाकात कॅलेंड्युलाच्या पाकळ्या केशराच्या रंगाची हौस भागवतात, चवीची नाही. चवीसाठी नॅस्टर्शियम लावावे: पाने-फुले मिरमिरीत लागतात, कोवळ्या कळ्या व्हिनेगरमध्ये मुरवता येतात आणि खताचे लाड केले तर पानेच माजतात, फुले रुसतात.

नावाचा किंवा रूपाचा घोळ प्रत्येक वेळी इतका निरुपद्रवी नसतो. केशराचे क्रोकस आणि कॉल्चिकम ही दोन्ही शरद ऋतूत फुलणारी, जांभळट आणि दिसायला सख्खी भावंडे. पण क्रोकसला पुंकेसर ३ आणि कॉल्चिकमला ६. कॉल्चिकममधील कोल्चिसीन हे द्रव्य डॉक्टर गाउटवर (सांधे सुजवणाऱ्या एका संधिवातावर) अगदी मोजून देतात, अंदाजाने पोटात गेले तर ते जीव घेऊ शकते.

म्हणून विनंती अशी, की खाण्याच्या वा औषधी फुलाचा उल्लेख येईल तिथे त्याचे शास्त्रीय नाव, वापरायचा भाग आणि ते पोटात घ्यायचे की नुसते वरून लावायचे, एवढे तरी आवर्जून छापावे. शिवाय सजावटीसाठी विकत आणलेल्या फुलांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते. तीच फुले ताटात घेऊ नयेत, ही ओळही त्या लेखात हवी होती.

आपला,
एक नियमित वाचक