उत्तेजनार्थ म्हणजे सांत्वन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर पहिल्या तीन क्रमांकांनंतर ‘उत्तेजनार्थ’ असे छापलेले असते आणि त्याच्याच इंग्रजी मजकुरात पुष्कळदा ‘कन्सोलेशन प्राइझ’. कन्सोलेशन हे हरलेल्याचे करायचे सांत्वन. उत्तेजन पुढच्या कामासाठी असते. त्याला ‘एन्करेजमेंट’ हा चांगला शब्द इंग्रजीत असताना तो का टाळला जातो, हे कळत नाही.

जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘हृदय’ आहे. परंतु अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो केवळ पाठ थोपटण्यापुरता नव्हता. १७१० साली अमलात आलेल्या तेथील कॉपीराइट कायद्याचे लांबलचक नाव ‘विद्येच्या उत्तेजनार्थ’ अशाच अर्थाच्या शब्दांनी सुरू होते, आणि ते उत्तेजन म्हणजे नव्या पुस्तकाच्या छपाईचा १४ वर्षांचा हक्क व मुदतीअखेर लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षे. १७५४ मध्ये विल्यम शिप्ली यांच्या पुढाकाराने लंडनमधील एका कॉफी हाउसात कला, उद्योग आणि व्यापार यांच्या उत्तेजनासाठी जी सोसायटी स्थापन झाली (आजची रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स), तिने ब्रिटनमध्ये कोबाल्ट शोधणाऱ्यांना, तांबड्या रंगासाठी लागणाऱ्या मंजिष्ठेची लागवड करणाऱ्यांना आणि चित्रे काढणाऱ्या मुलामुलींना रोख बक्षिसे देऊ केली. बक्षिसे आधी जाहीर होत, कामे नंतर.

याच शब्दाला उपरोधाची धारही लाभली. ब्रिटिश नौदलातील ॲडमिरल बिंग यांना लढाईत कसूर केल्याच्या ठपक्यावरून १७५७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्यावर, इतरांना हुरूप यावा म्हणून या देशात अधूनमधून एखादा ॲडमिरल मारणे बरे समजतात, असा टोला फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने हाणला. त्यातील ‘इतरांना हुरूप यावा म्हणून’ या शब्दांत ‘एन्करेज’चेच फ्रेंच रूप आहे, आणि इंग्रज मंडळी ते आजही मूळ फ्रेंचमध्येच उद्धृत करतात.

आपल्याकडे पुण्याची वक्तृत्वोत्तेजक सभा किंवा मुंबईतील पारशी गायनोत्तेजक मंडळी या नावांतील उत्तेजन असेच कार्याला चालना देणारे होते. आता मात्र ‘उत्तेजक’ म्हटले की क्रीडापानावरील डोपिंगच आठवते!

स्पर्धांच्या आयोजकांनी यापुढे इंग्रजीत ‘एन्करेजमेंट प्राइझ’ छापावे, आणि शक्य तेथे नुसत्या कागदाऐवजी पुढील वर्षाची प्रवेश फी माफ करावी किंवा रंगपेटी, पुस्तके द्यावीत, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भाषाशिक्षक, सातारा