पेटाफ्लॉप मोजतो, तशी उत्तराची ऑर्डरही मोजावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी) ‘अर्का’ संगणक आला. २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने हवामान मॉडेलची मेश (गणितासाठी आखलेली खणांची जाळी) १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. मात्र हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाचे गणित किती खरे निघेल, हे यंत्राच्या वेगाइतकेच त्या गणिताच्या ऑर्डरवर, म्हणजे खण लहान केल्यावर चूक किती झपाट्याने घटते यावर, ठरते, आणि तिच्याकडे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही फारसे कोणी पाहत नाही.

समीकरणे सोडवण्यासाठी प्रवाहाची जागा छोट्या खणांत विभागावी लागते आणि त्यातून चूक येते. खण निम्मा केला की पहिल्या ऑर्डरच्या पद्धतीत चूक निम्मी होते, दुसऱ्या ऑर्डरमध्ये पाव, चौथ्या ऑर्डरमध्ये सोळावा हिस्सा. त्रिमितीत मेश निम्मी केली की खण आठपट होतात, वेळेचा टप्पाही साधारण निम्मा करावा लागतो, म्हणजे काम सोळापट. चूक सोळाव्या हिश्श्यावर आणायची असेल, तर दुसऱ्या ऑर्डरला मेश दोनदा निम्मी करावी लागते आणि काम २५६ पट वाढते. चौथ्या ऑर्डरला ते एकदा निम्मी करून, १६ पट कामात साधते. तिला प्रत्येक खणामागे गणित जास्त लागते हे खरे, पण एवढी मोठी तफावत त्याने मिटत नाही.

पहिल्या ऑर्डरची ‘अपविंड’ पद्धत (प्रवाह जिकडून येतो त्या खणाचे मूल्य घेणारी) सहसा कोसळत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना ती आवडते. तिची किंमत मात्र जबर आहे. ती प्रवाहात स्वतःची खोटी चिकटता मिसळते, साधारण वेग गुणिले खणाची लांबी भागिले दोन इतकी. हवा सेकंदाला १० मीटरने वाहते आहे आणि खण १ सेंटीमीटरचा आहे असे धरा. खोटी चिकटता ०.०५ चौरस मीटर प्रतिसेकंद येते. हवेची खरी चिकटता त्याच एककात सुमारे ०.००००१५ आहे. म्हणजे तीन हजार पटींहून जास्त! प्रवाह मेशला तिरका असला की ही चिकटता आडवीही पसरते, भोवरे विरघळतात आणि चित्र छान गुळगुळीत दिसते. ओपनफोम हे प्रवाहगणनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी, पद्धती जिथे निवडतात ती ‘एफव्हीस्कीम्स’ फाइल उघडून पाहावी. वेगाच्या ओळीत नुसते ‘अपविंड’ असेल तर पहिली ऑर्डर, ‘लिनिअरअपविंड’ असेल तर दुसरी.

अहवालांत हमखास लिहिलेले असते, ‘रेसिड्युअल दहाच्या उणे सहाव्या घातापर्यंत उतरले, म्हणून उत्तर कन्व्हर्ज झाले.’ रेसिड्युअल म्हणजे समीकरणाच्या दोन बाजूंत उरलेला फरक, कन्व्हर्ज होणे म्हणजे उत्तर स्थिरावणे. तेव्हा याचा अर्थ एवढाच की त्या मेशवरची समीकरणे सुटली. मेशमुळे आलेली चूक जिथल्या तिथे राहते. ती पाहायची तर तीन मेश लागतात, प्रत्येक आधीच्या निम्म्या खणाची. समजा ड्रॅग गुणांक (प्रवाहाच्या रोधाचे माप) १.२४०, १.१८० आणि १.१६५ आले. फरक ०.०६० आणि ०.०१५, त्यांचे गुणोत्तर ४, म्हणजे ऑर्डर २. उरलेली चूक शेवटच्या फरकाच्या एक तृतीयांश, ०.००५, खरे उत्तर १.१६० च्या आसपास. पद्धत दुसऱ्या ऑर्डरची असून गुणोत्तर २ च आले, तर आधी सीमेवरची अट तपासावी आणि मग लिमिटर (खोट्या लाटा दाबण्यासाठी उतार छाटणारा भाग).

उच्च ऑर्डर वापरली म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. रशियन गणिती गोदुनोव यांनी १९५९ मध्येच दाखवले की नव्या लाटा न उठवणारी रेषीय पद्धत पहिल्या ऑर्डरच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून शॉकजवळ, म्हणजे दाब अचानक उडी घेतो तिथे, ‘वेनो’सारखी, उतार पाहून वजने बदलणारी पद्धत लागते. पाचव्या ऑर्डरच्या वेनोत शेजारच्या खणांच्या तीन गटांची आदर्श वजने १/१०, ६/१० आणि ३/१०. वजने काढताना भागाकारात शून्य येऊ नये म्हणून घातलेला दहाचा उणे सहावा घात मात्र एककांवर अवलंबून असतो. राशी फार लहान असल्या तर तोच वरचढ होतो आणि शॉकपाशी लाटा परत येतात. त्यामुळे सगळ्या राशी आधी परिमाणरहित कराव्यात. फायनाइट व्हॉल्यूममध्ये, म्हणजे प्रत्येक खणाची आवक-जावक मोजणाऱ्या पद्धतीत, प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूवर एकदाच फ्लक्स (त्या बाजूतून होणारी आवक-जावक) काढला, तर द्विमितीत आणि त्रिमितीत पाचवी ऑर्डर गुपचूप दुसरी होऊन बसते. तिथे गॉस बिंदू (बाजूवरचे एकाहून जास्त ठरावीक बिंदू) घ्यावेच लागतात.

डिसकंटिन्युअस गॅलेर्किन या, प्रत्येक खणात स्वतंत्र बहुपदी बसवणाऱ्या उच्च ऑर्डरच्या पद्धतीत घोडे अडते ते भिंतीशी. बासी आणि रेबाय या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की गोल सिलिंडर सरळ कडांच्या खणांनी बांधला, तर घर्षणरहित प्रवाहातही त्याच्यामागे खोटा पट्टा उमटतो. बहुपदीची घात वाढवूनही तो जात नाही, खणाची कडच वक्र करावी लागते. वेळेचा टप्पाही आखडतो: घात ३ असेल तर साधारण सातवा हिस्सा.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आमची आग्रहाची विनंती आहे. सीएफडीच्या (संगणकावरील प्रवाहगणनाच्या) प्रत्येक प्रकल्पात तीन मेशचा तक्ता, त्यातून निघालेली ऑर्डर आणि वापरलेल्या स्कीमचे नाव सक्तीचे करावे. स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी आधी वाहत्या आयसेंट्रोपिक (एन्ट्रॉपी न बदलणाऱ्या) भोवऱ्याची चाचणी द्यावी, कारण तिचे अचूक उत्तर हाताशी असते. भोवऱ्याची त्रिज्या १ असेल तर चौकोनाची बाजू १० ऐवजी २० घ्यावी, नाहीतर कडेला उरलेली शेपटी चूक उतरू देत नाही. जागेची पद्धत पाचव्या आणि वेळेची तिसऱ्या ऑर्डरची असेल, तर टप्पा खणाच्या ५/३ घाताच्या प्रमाणात कमी करावा. एरवी तक्त्यात ५ ऐवजी ३ दिसू लागतो. ६४, १२८ आणि २५६ खणांच्या द्विमितीय मेशवर ही चाचणी साध्या लॅपटॉपवर होते. त्यासाठी कोणत्याही महाविद्यालयाला नवी खरेदी करावी लागणार नाही.

आपले,
प्रवाहगणन शिकवणारे काही शिक्षक, पुणे