भूजला निघण्याआधी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

नगररचनेची मुलं घेऊन तू भूजला निघालायस हे वाचून बरं वाटलं. पण स्मृतिवनाला, म्हणजे भूकंपाच्या स्मारकाला, अख्खा दिवस आणि जुन्या शहराला दोन तास, हा बेत उलटा कर. भूकंपानंतर भूजने खरं काम केलंय ते कोटाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या आत, रस्त्यांच्या आखणीत. घरं तर सगळीकडेच पुन्हा बांधतात.

भूकंपाची तारीख आणि आकडे मुलांना आधीच सांगून ठेव. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, तीव्रता ७.७. केंद्र भचाऊ तालुक्यात, भूजपासून साठ-सत्तर किलोमीटरवर. गुजरात सरकारच्या नोंदीत मृत १३,८०५. अंजारमध्ये तर प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ मुलं आणि २० शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींखाली सापडले.

ही गल्लीच मुद्द्याची आहे. भूजच्या कोटाला महादेव, पाटवाडी, सरपट, भीड आणि वाणियावाड असे पाच नाके, म्हणजे दरवाजे, शिवाय छठ्ठी बारी हे सहावं छोटं दार. आत बोळ, बोळातून बोळ, आणि शेवटी भिंत. घरं जाड दगडी, पण दगड मातीत बसवलेले. अशा भिंतीला आतलं आणि बाहेरचं अशी दोन पाखं असतात, मधे चुरी आणि माती. पाखं एकमेकांना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्याने मधली भर खाली बसते, दोन्ही पाखं फुगतात आणि सुटतात. किल्लारीलाही नेमकं हेच झालं होतं. भूजमध्ये भिंती बोळात पडल्या नि बोळच बुजले. आत अडकलेल्यांपर्यंत जेसीबी जाणार कुठून?

नव्या फ्लॅटांची गत वेगळी. पार्किंगसाठी तळमजला नुसत्या कॉलमांवर, वर विटांच्या भिंती भरलेले मजले. वरचा भाग ताठ, खालचा लवचीक, त्यामुळे सगळी हालचाल तळमजल्याच्या कॉलमांवर येते. तिथल्या रिंगा, म्हणजे उभ्या गजांना बाहेरून आवळणारी सळईची कडी, लांब-लांब आणि टोकं ९० अंशांत वाकवलेली असतील तर रिंग उघडते, उभे गज बाहेर फुगतात, मजला खाली बसतो. दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेतही इमारती पडल्या त्या बहुतेक अशाच. रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवायचं आणि कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा १०० मिलीमीटरच्या आत ठेवायच्या, ही गोष्ट मुलांकडून एकदा काढून घे. आपल्याकडच्या साइटवर अजूनही हुक वाकवायचा कंटाळा करतात.

आता आखणीकडे वळतो. कोटाच्या आत लगेच बांधू दिलं असतं तर तेच बोळ परत उभे राहिले असते. म्हणून परवानग्या रोखल्या, मलबा उचलला, एकेक भूखंड मोजला आणि आठ टाउन प्लॅनिंग योजना आखल्या. रस्त्यासाठी प्रत्येकाच्या जागेतून थोडा तुकडा घ्यायचा नि उरलेली जागा शक्यतो मूळ ठिकाणाजवळच, नीट चौकोनी करून परत द्यायची. कपात सरसकट नव्हती, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ३० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडातून काहीच घेतलं नाही, १०० पर्यंत १० टक्के, मग २०, ३०, आणि ५०० च्या वर ३५ टक्के. मोठ्या वाड्यांच्या जागेतून रस्ते निघाले, खोलीभर जागेवाला वाचला. बंद बोळ आरपार झाले, आतून रिंगरोड आला, आधी पाण्याची-सांडपाण्याची लाइन पडली आणि मग घरं. कोटाच्या आत उंचीही तळमजला अधिक एक एवढीच ठेवली.

याला वेळ लागला आणि लोक वैतागले. डोक्यावर पत्रा आणि समोर आपलाच मोकळा प्लॉट, अशी वर्षं काढायला लावणं सोपं नाही. कागद तर आणखी अवघड: सातबारासारखाच घोळ, आजोबांच्या नावावरची जागा, चार भावांची वाटणी, नकाशात एकच रेघ. आणि भाडेकरू! मदतीचा सगळा हिशेब मालकीला जोडलेला, त्यामुळे जुन्या शहरात पिढ्यान् पिढ्या भाड्याने राहिलेली माणसं मागे पडली. योजनेचं कौतुक करताना मुलांना ही बाजू दाखवली नाहीस तर तो अन्याय होईल.

घरं मालकांनी स्वतः बांधली. पैसे तीन हप्त्यांत, ४०, ४०, २०; दुसरा हप्ता काम लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीच्या माथ्यापर्यंत आल्यावर, अभियंत्याने पाहून. ही पायरी बरोबर निवडलीय. जोत्याचा पट्टा (भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा थर), कोपऱ्यातले उभे गज, लिंटेलचा पट्टा त्या वेळी तपासता येतात, गिलावा झाला की सगळं झाकलं जातं. दगडी बांधकामात आरपार दगड दर ६०० मिलीमीटर उंचीला, आडवे १.२ मीटरच्या आत. पट्टा ७५ मिलीमीटरचा, त्यात दोन सळ्या. चूक होते ती कोपऱ्यात: सळई वळवून पुढच्या भिंतीत न नेता तिथेच तोडतात, आणि पट्टा असून नसल्यासारखा होतो.

किल्लारीचा अनुभव इथे कामाला आला. १९९३ नंतर आपण ५२ गावं नव्या जागी हलवली, जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं दिली, आणि सरळ आखलेल्या वसाहतींत गल्लीतला शेजार हरवला. जी गावं न हलवता दुरुस्त केली तिथे मात्र महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही पुढे कच्छलाही गेल्या.

जी. के. जनरल हॉस्पिटल बाहेरून तरी दाखव. जुनं कोसळलं, नवं २००४ मध्ये रबर-पोलादाच्या थरांत शिशाचा गाभा असलेल्या बेअरिंगवर उभं राहिलं. हादऱ्यात अशी इमारत बेअरिंगवर सरकते, म्हणून तिच्याभोवती फट मोकळी ठेवावी लागते, पाइपांना लवचीक जोड लागतात. फटीत कोणी पायरी बांधली की खर्च पाण्यात.

स्मृतिवन भुजिया डोंगरावर, ४७० एकर, ऑगस्ट २०२२ मध्ये खुलं झालं. आतलं भूकंपाचं सिम्युलेटर मुलांना आवडेलच, पण त्याआधी उतारावरचे पन्नासेक बांध चढून बघा. खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी तिथे अडतं, मुरतं, त्यावर झाडी वाढते, आणि मृतांची नावं त्याच बांधांच्या भिंतींवर आहेत. स्मारक आणि जलसंधारण एकाच भिंतीत बसवलेलं मला फार पटतं. छतरडीकडे, म्हणजे राजघराण्याच्या समाधिस्थळी, कोसळलेल्या छत्र्यांचे कोरीव दगड पडलेले दिसतील, तिथेही अर्धा तास राख.

जमलं तर पावसाळ्याच्या शेवटी जा. हमीरसर तलाव काठोकाठ भरून वाहू लागला की भूजला सुट्टी असते आणि मेघलाडू वाटतात. उन्हाळ्यात मात्र भुजियाचा चढ सकाळी नऊच्या आत उरकून घे, वर सावली कमी आहे. प्रवासाचं आरक्षण झालं की कळव, जुन्या आणि नव्या रस्त्यांचे नकाशे एकावर एक ठेवता येतील असे पाठवतो.

तुझा,
अविनाश