एसीचा गॅस ‘संपत’ नसतो

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी, यावर अर्धे पान मजकूर होता. टायरची हवा, बॅटरीचे पाणी वगैरे ठीक. पण जुन्या गाडीचा एसी कमी गार करत असेल तर ‘दर उन्हाळ्याआधी गॅस टॉपअप करून घ्यावा’, असेही त्यात एका ओळीत सांगून टाकले आहे. अशाच सल्ल्यापायी मी तीन उन्हाळ्यांत सहा हजार शंभर रुपये घालवले, म्हणून लिहितो.

माझी गाडी 2008 सालची, पेट्रोलवरची, लहान. नाव सांगत नाही. त्या काळी अकोल्यात दर गल्लीत अशा दोन-तीन असत. मुलगी अमरावतीला दिली आहे, त्यामुळे मूर्तिजापूरमार्गे महिन्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. मे महिन्यात दुपारी परत येताना बाहेर 44 अंश आणि आत एसीच्या जाळीतून कोमट फुंकर, अशी अवस्था झाली तेव्हा पहिल्यांदा गॅरेज गाठले. त्यांनी गाडी बंद असतानाच दाब मोजणारे गेज लावले, काटा पाहिला, ‘गॅस संपलाय’ म्हणाले आणि भरून दिला. अठराशे रुपये. महिनाभर गार, मग पुन्हा कोमट. पुढच्या वर्षी दुसरे गॅरेज, दोन हजार. यंदा तेवीसशे, आणि तीन आठवड्यांत एसी पुन्हा जागच्या जागी. परत गेलो तर निदान बदलले होते: ‘कॉम्प्रेसर गेला, अठरा हजार लागतील.’

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. अप्रकट उष्मा, बाष्पीभवन, हातावर स्पिरिट टाकले की गार का लागते, हे सगळे फळ्यावर लिहून लिहून खडूची भुकटी खाल्ली. आणि तरीही गाडीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपतो, यावर मी मुकाट विश्वास ठेवला. याची लाज गॅरेजवाल्यांवरच्या रागापेक्षा जास्त आहे.

शेवटी एमआयडीसीच्या रस्त्याला ट्रॅव्हल्सच्या बसचे एसी दुरुस्त करणारा एक कारागीर भेटला. त्याने बॉनेट उघडण्याआधीच विचारले, ‘‘गुरुजी, चालत्या गाडीत गार होते, का उभ्या गाडीत बी?’’ तीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हायवेवर थोडे बरे, अशोक वाटिकेच्या सिग्नलला थांबलो की पार वाफ, असे मी सांगितले. तो सरळ गाडीच्या पुढे जाऊन वाकला. रेडिएटरच्या पुढे असते ती कंडेन्सरची जाळी. केबिनमधली उष्णता तिथून बाहेर टाकली जाते. तिच्या पात्यांत चिखल आणि चक्क कापूस! माझ्या घरामागे जिनिंग आहे, हंगामात अंगणभर तंतू उडतात. गाडी पळताना वारा जोराने आदळतो म्हणून काम कसेबसे निभावत होते. थांबल्यावर पंखा फिरे, पण त्या गाळातून हवा ओढली जात नसे. त्याने आतल्या बाजूने साध्या नळीने पाणी मारून जाळी धुतली. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने ती नाजूक पाती वाकतात आणि वाट आणखी बंद होते, हेही बजावले.

पण खरे दुखणे पुढे निघाले. गॅस दरवर्षी कमी होतोच कसा, असे मी म्हणालो, त्यावर तो हसला. ‘‘गॅस काय पेट्रोल हाय का, जळून जायले? गेला त कुठून गेला, हे कोनं पाह्यलं का?’’ कंडेन्सरला पाइप जोडला जातो त्या सांध्यावर धूळ बसलेला एक तेलकट डाग होता. एसीत गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते, त्यामुळे गॅस सुटतो तिथे तेल पाझरते आणि त्यावर धूळ चिकटते. तीनही गॅरेजवाल्यांच्या नाकासमोर तो डाग होता. साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे दिसले. आतली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. किंमत चाळीस रुपये.

आणि तो ‘गेलेला’ कॉम्प्रेसर? गॅस कमी असला की दाबाचा स्विच त्याला बंद करतो, दाब सावरला की पुन्हा चालू. दर पाच-सात सेकंदांनी जो टक् टक् आवाज येत होता, तो कॉम्प्रेसर स्वतःला वाचवत असल्याचा होता.

गाडी बंद असताना गेज पाहून गॅस किती आहे हे कळत नाही, हे तर मलाच उमगायला हवे होते. घरचा सिलिंडर आठवा. भरलेला असो की तळाला आलेला, शेगडीची ज्योत शेवटपर्यंत सारखीच. कारण आत थोडा जरी द्रव असला तरी दाब ठरतो तो तापमानावर, किलोवर नव्हे. म्हणून सिलिंडर आपण वजनावर घेतो. गाडीतल्या आर-134ए गॅसचेही तेच. इंजिन चालू करून दोन्ही बाजूंचा दाब पाहिला तर अंदाज येतो, पण खात्रीचे माप एकच: उरलेला सगळा गॅस मशीनने ओढून काढायचा, व्हॅक्यूम मारायचा (म्हणजे आत पोकळी करायची), गळतीविना तो टिकतो का ते पाहायचे आणि मग काट्यावर तोलून भरायचा. माझ्या बॉनेटखालच्या कागदावर आकडा आहे 450 ग्रॅम. नुसत्या टॉपअपमध्ये आधीचा किती शिल्लक आहे ते माहीत नसते. जास्त झाला तरी एसी कमीच गार करतो, वर कॉम्प्रेसरवर ताण.

कारागिराने ओ-रिंगा आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) बदलला, चाळीस मिनिटे व्हॅक्यूम मारला, नंतर अर्धा तास काटा हलतो का ते बघत आम्ही चहा घेतला. एकूण चौतीसशे रुपये. मी शाळेतला जुना थर्मामीटर नेला होता (शिपायाने निरोप समारंभाला दिलेला, चोरलेला नव्हे). आधी केबिनमधल्या जाळीतून 22 अंशाची हवा येत होती. नंतर बाहेर 43 असताना 11. इतके पुरे.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. घरचा फ्रिज वीस वर्षे गॅस मागत नाही, कारण त्याची मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच डब्यात झाळलेले असतात. गाडीत रबरी पाइप, पट्ट्यावर फिरणारा शाफ्ट आणि वरून आपले खड्डे. त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर ती देखभाल नाही, ते भोक आहे.

मुंबईचे माझे मेहुणे सांगतात, गाडीखाली पाणी ठिबकले की एसी ठणठणीत समजावा. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की चांगल्या एसीचेही चार थेंब मुश्किलीने पडतात. कृपया हाही सल्ला कुणी छापू नये.

शिवाय हा सुटलेला गॅस जातो कुठे? आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींहून अधिक भारी आहे. म्हणजे माझे 450 ग्रॅम गळून गेले की जवळजवळ सहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. अशा वायूंना आवर घालणारी, मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारातली किगाली दुरुस्ती भारताने 2021 मध्ये मान्य केली आहे, आणि इकडे आपण हौसेने दर एप्रिलला तो आभाळात सोडतो आहोत.

तेव्हा पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करावी, ही विनंती. ‘टॉपअप करा’ऐवजी ‘गळती शोधून घ्या, आणि किती ग्रॅम निघाला, किती भरला ते बिलावर लिहून मागा’ एवढे छापले तरी पुष्कळ. माझ्या तीनही बिलांवर फक्त ‘गॅस’ एवढाच शब्द आहे. बॉनेटखालचा कागद उन्हाने पांढरा पडत चालला आहे. त्यावरचा 450 मी मार्करने पुन्हा गिरवून ठेवला.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जठारपेठ, अकोला