अण्णा, लाईट धरणाऱ्याचं नाव लिहिल्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

खरं तर हे मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवू शकलो असतो, पण तुम्ही त्याच्यावर एक हात जोडलेला इमोजी टाकून मोकळे झाला असता आणि परत कधी विषय काढू दिला नसता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. काकींना सांगून ठेवलंय वाचून दाखवायला, त्यामुळं चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही. (बाकीच्यांसाठी: अण्णा म्हणजे आमचे फोटो स्टुडिओवाले, लग्नाचे व्हिडिओ करतात.)

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कराडजवळचं गाव, इंजिनिअरिंग, आणि २०२१ ला लॉकडाऊनमध्ये बसून बसून कंटाळा आला म्हणून चालू केलेलं यूट्यूब चॅनल. कॅमेरा माझ्या मित्राच्या, चष्म्याच्या मामाचा, गाडी चष्म्याची, एडिटिंग चष्म्याचं, थंबनेल पण चष्म्याच बनवायचा (त्याला सगळं गाव चष्म्याच म्हणतं, रागवत नाही तो). माझं काय? तर माझं तोंड. आणि बोलणं मला येत होतं, नाही असं नाही. आगाशिवच्या लेण्यांवर व्हिडिओ केला, सदाशिवगडावर केला, मग प्रीतिसंगमावर एक केला, की बाबा कृष्णा आणि कोयना दोघी निघतात महाबळेश्वरातनं, वेगवेगळ्या वाटेनं जातात आणि कराडात एकदम समोरासमोर येऊन भेटतात. आम्ही लहानपणापासून तिथं भेळ खायला जातो, आम्हाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. पण तो व्हिडिओ पळाला. पुण्या-मुंबईला, दुबईला असलेली कराडची माणसं खाली रडके इमोजी टाकायला लागली आणि माझ्या डोक्यात हवा जायला सुरुवात झाली ती तिथनं.

यूट्यूबचं चॅनलवाल्यांसाठी वेगळं स्टुडिओ ॲप असतं, त्यात एक गंमत असते. नवीन व्हिडिओ टाकला की तो तुमच्या आधीच्या व्हिडिओंच्या तुलनेत कितवा चाललाय ते दाखवतं, १० पैकी १ आला तर वरनं रंगीत कागद उडतात स्क्रीनवर. मी सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी ते बघायचो. १० पैकी १ असला की आईशी नीट बोलायचो, १० पैकी ७ असला की चहात साखर कमी आहे म्हणून कप आपटायचो. १००० सबस्क्रायबर आणि लोकांनी बघितलेले ४००० तास झाले, पैसे चालू झाले, कमाई १०० डॉलरला पोचल्यावर पहिले आठ हजाराच्या आसपास आले, त्याचा मी स्वतःला गिंबल (फोन न हलता धरायची दांडी) घेतला आणि चष्म्याला एक वडापाव चारला. वर त्याला म्हणालो, आपल्या चॅनलचे पैसे आहेत, चॅनललाच लागले पाहिजेत. व्हिडिओखाली लिहायचो, संकल्पना लेखन चित्रीकरण संकलन सगळं मी. एकदा कुणीतरी कमेंटमध्ये विचारलं की कॅमेरा कोण करतं भारी करतं, ती कमेंट मी उडवली. आज हे टाईप करताना पण कान गरम होतात.

त्र्याण्णव हजार सबस्क्रायबर झाले तेव्हा मी भिंतीत खिळा मारून घेतला. एक लाख सबस्क्रायबर झाले की यूट्यूबकडनं सिल्वर बटण बक्षीस मिळतं, ते कुठं लावायचं ते आधीच ठरवून टाकलं. खिळा अजून आहे. आईनं त्याला पिठाची चाळण अडकवलीये.

आई. तिच्या भाकरीचा शॉट घेताना मी तिला पाच वेळा परत थापायला लावलं होतं, लाईट नीट येत नाही म्हणून, आणि मागं बाबा ताट घेऊन बसलेले. शेवटी बाबा न जेवता उठले आणि मी काय म्हणालो असेन? ऑडिओत ताटाचा आवाज आला म्हणालो.

चष्म्यानं मला एकदा तो ग्राफ दाखवला होता, लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात आणि कुठं सोडून जातात त्याचा. म्हणला, हे बघ, नदी आहे तिथं रेघ सरळ आहे, आईचे हात आहेत तिथं सरळ आहे, तू गॉगल लावून मधे आलास की रेघ खाली. मी म्हणालो तुला काय कळतंय, तू कॅमेरा धर. त्यानं काही न बोलता कॅमेरा बॅगेत भरला आणि गेला. कॅमेरा त्याच्याच मामाचा होता ही गोष्ट तोपर्यंत माझ्या डोक्यातनं पार गेली होती.

आणि मग तो दहावा. हे सांगायलाच पाहिजे, कारण कराडमध्ये निम्म्या लोकांनी ती क्लिप बघितलीये. चुलत आजोबांचा दहावा, सकाळची वेळ, घाटावर पिंड ठेवलेले, सगळे कावळ्याची वाट बघत उभे. आणि मी फोन आणि गिंबल घेऊन माणसांना म्हणतोय, काका जरा मागं सरका, कावळा आला की फ्रेममध्ये तुमचे पाय येतायत. एवढंच नाही, पिंड थोडा उन्हात सरकवा म्हणालो. सरकवा म्हणालो अण्णा, मी. आजोबांच्या पोराला. कावळा काय आला नाही. तासभर थांबून शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला, आणि चुलत भावानं माझ्या हातातला फोन घेऊन पायरीवर ठेवला, फेकला पण नाही, नुसता ठेवला. हे सगळं दुसऱ्याच कुणीतरी शूट केलं होतं. दोन दिवसांत माझ्या कुठल्याच व्हिडिओला नसतील एवढे व्ह्यूज त्याला. मला वाटायचं कॅमेऱ्याच्या ह्या बाजूला मीच असतो.

त्यानंतर काय झालं ते मी रागानं लिहिणार नव्हतो पण लिहितो. ज्या कॉलेजनं गॅदरिंगला माझा गेटएवढा फ्लेक्स लावला, तासाला नसलो तरी हजेरी लावली, "आपला स्टार" म्हणून माझ्या हातनं दीपप्रज्वलन केलं, त्यांनी फ्लेक्स रातोरात काढला आणि मग त्यांना माझी हजेरी आठवली. वर्ष गेलं. सोबत व्हिडिओ करू म्हणून मागं लागणारे दोघंतिघं होते, त्यांनी माझ्यावरच व्हिडिओ केले, "खरं काय घडलं" म्हणून. एक सर भेटले, म्हणाले मी तुला आधीच सांगणार होतो. एक मामा म्हणाले आम्ही तुला सांगणारच होतो. "सांगणार होतो" वाल्यांची एवढी गर्दी झाली की वाटलं अरे मग नेमकं अडलं कुठं होतं? चुकत असताना टाळ्या वाजवल्या आणि पडल्यावर उपदेश द्यायला रांग लावली. चूक माझी होती, शंभर टक्के माझी, त्यात कुणाला वाटेकरी करत नाही. पण त्या टाळ्यांचा हिशोब पण कुणीतरी मांडायला पाहिजे ना.

मी तीन महिने घराबाहेर दिवसा पडत नव्हतो. तुमच्या स्टुडिओत आलो ते पासपोर्ट साईज फोटोला, परत फॉर्म भरायचा होता म्हणून. स्टँडजवळची दुकानं सोडून तुमच्याकडं आलो कारण तुमच्याकडं गर्दी नसते (माफ करा). स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, हनुवटी जरा खाली घे. मी घेतली. अजून थोडी. क्लिप तुम्ही बघितली होती हे मला तुमच्या तोंडावरनं कळलं, पण तुम्ही फोटो कापत कापत एवढंच विचारलंत, "रविवारी मोकळा हाईस का? लाईटवाला पोरगा गावाला गेलाय."

पाचशे रुपये आणि जेवण.

लग्नात लाईट धरणं म्हणजे काय असतं हे ज्यानं धरलाय त्यालाच माहीत. अंतरपाट धरला की दोन्हीकडची पन्नास माणसं मोबाईल वर करून आपल्यासमोर, मंगलाष्टका संपत आलेल्या, शेवटचं सावधान झालं की अक्षता थेट डोळ्यात, आणि हात हलता कामा नये. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत की लाईट म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सरळ मारायचा नाही, वर मंडपाच्या पांढऱ्या कापडावर मार, तिथनं खाली येतोय तेवढा पुरतो. व्हीएचएस कॅसेटच्या काळात हॅलोजननं नवऱ्यामुलीची हळद घामानं ओघळायची हे पण सांगितलंत. मी दोन वर्षं इंटरनेटवर लाईटिंगचे व्हिडिओ बघत होतो, कुणी म्हाताऱ्यांच्या डोळ्याचं बोललं नव्हतं. आणि पाठवणीला, मुलीचा बाप खांबाला धरून उभा होता, मी सवयीनं लाईट त्याच्यावर नेला, हा शॉट म्हणजे सोनं असं डोक्यात, आणि तुम्ही कॅमेऱ्यातनं डोळा न काढता हळूच म्हणालात, "खाली घे रं." मी खाली घेतला. तुम्ही पण कॅमेरा खाली घेतलात. तेवढा वेळ त्या व्हिडिओत नुसतं मांडवाचं तोरण आहे.

पण आभार मानायचेत ते ह्याचे नाहीत. म्हणजे ह्याचेही आहेत, पण मेन गोष्ट वेगळी.

मार्गशीर्षातलं ते लग्न, मिक्सिंग होऊन पेनड्राईव्हवर कॉपी करायला मला बसवलं होतंत. सगळं नीट गेलंय का बघायला मी शेवटपर्यंत पळवत नेलं. लग्नाच्या व्हिडिओचा शेवट कोण बघतं? जेवणाच्या पंगतीनंतर घरचे पण उठून जातात. तिथं तुमचं ते नेहमीचं, गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, सोनेरी अक्षरं गोल फिरत येतायत. आधी तुमचं नाव आलं, मग मिक्सिंगला तुमच्या पुतण्याचं, आणि मग "लाईट" असं येऊन त्याच्यासमोर माझं नाव. चॅनलवालं टोपणनाव नव्हे, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. बाबांच्या नावात वेलांटी चुकलीये ते सोडा.

मी ते किती वेळा मागं घेऊन बघितलं सांगत नाही. माझं नाव स्क्रीनवर मी हजार वेळा बघितलं होतं, आगीच्या इफेक्टमध्ये, स्फोटाच्या आवाजासकट, सगळं मीच टाकायला लावलेलं. हे पहिलंच जे मी टाकलं नव्हतं. एक दिवस लाईट धरणाऱ्या पोराचं नाव, ज्या पोराला सगळं कराड हसतंय त्याचं नाव, गिऱ्हाईकाच्या लग्नाच्या व्हिडिओत, जो त्यांच्या घरात जन्मभर राहणार. गिऱ्हाईक उद्या म्हणलं असतं की हे कशाला टाकलं तर? तुम्हाला विचारलं तर तुम्ही हिशोबाच्या वहीतनं वर पण बघितलं नाही. म्हणालात, "लाईट तूच धरला हुतास न्हवं?"

बस एवढंच. एवढं सोप्पं होतं ते आणि मला दोन वर्षं जमलं नव्हतं.

त्या रात्री चष्म्याला फोन केला. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. मग मी बसून सगळ्या एकशे बारा व्हिडिओंखाली एकेक करून त्याचं नाव लिहिलं, कॅमेरा, एडिटिंग, थंबनेल, गाडी. गाडी पण लिहिलं. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज, "माझ्या आडनावात उकार चुकलाय, दुरुस्त कर." अख्ख्या एकशे बारा ठिकाणी चुकला होता. परत सगळे केले. अजून आम्ही काही पहिल्यासारखे नाही, पण परवा तो चहाला थांबला. आठ हजारातले त्याचे चार द्यायला गेलो तर म्हणला, वडापावचे वजा कर.

तेव्हापासून मी बघतोय, अशी माणसं आजूबाजूला भरपूर आहेत, मलाच दिसत नव्हती. लग्नातला तो आचारी, शूटिंगवाले कधीच पंगतीला बसत नाहीत म्हणून गडबडीत पण चार माणसांची जिलेबी पातेल्याखाली झाकून ठेवतो. आमच्या शेवटच्या एसटीचे कंडक्टर, मी त्या तीन महिन्यांत रात्री उशिरा जायचो तेव्हा पुढची सीट रिकामी असायची तरी मागच्या अंधारातल्या सीटवर जाऊ द्यायचे, तिकीट तिथं येऊन फाडायचे. आणि तो चुलत भाऊ, ज्यानं फोन फेकला नाही, ठेवला. ह्यांच्यातल्या कुणाचा फ्लेक्स लागणार नाही आणि लावला तर तेच उतरवायला सांगतील, तुम्ही तर नक्कीच, तुम्ही स्वतःच्या दुकानावरची पाटी गेली दोन वर्षं रंगवलेली नाही.

काकूंकडे, म्हणजे आजोबांच्या घरी, मी जाऊन आलो. त्या काही बोलल्या नाहीत, चहा केला. चहा पिऊन आलो. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

बाबांना तो पेनड्राईव्ह दाखवला. बाबांनी चॅनलचा एकही व्हिडिओ पूर्ण बघितलेला नव्हता. हा शेवटचा अर्धा मिनिट त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, वेलांटी चुकलीये. मी म्हणालो हो. म्हणाले, असू दे, सांगू नको त्यांना.

तर अण्णा, मी सांगितलं. आणि दुसरं म्हणजे मोठ्या लाईटच्या बॅटरीचा चार्जर हरवला म्हणून तुम्ही सगळ्यांवर ओरडत होता, तो माझ्याच बॅगेत आहे, काल सापडला. सोमवारी कॉलेज सुटल्यावर आणून देतो. मंगळवारी तुमचं हळदीचं बुकिंग आहे मलकापूरला, तेव्हा लागेल. चष्म्या येऊ का विचारत होता.