पाण्यात उतरणारी गाडी आणि आपला बिनधास्तपणा

संपादक साहेब,

गेल्या रविवारी शिळफाट्याच्या पुढे एका फार्महाऊसवर गेलो होतो, तिथे ती आठ चाकांची जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी गाडी होती, पोरं एकदम खुश. पण चालवणाऱ्याने सहा जण कोंबले आणि लाईफजॅकेट दोनच, तीपण सीटखाली! मी विचारलं तर म्हणतो काका, तळं छोटंच आहे.

अहो पण ही काय बोट नाही. बहुतेक अशा गाड्या पाण्यात टायर फिरवूनच पुढे जातात, स्पीड माणसाच्या चालीएवढा, म्हणजे ताशी ४-५ किमी, जरा वारा सुटला की भलतीकडेच. जमिनीवर जेवढं वजन चालतं तेवढं पाण्यात चालत नाही. आणि तळाला पाणी काढायची बुचं असतात, ती धुताना काढतात आणि लावायला विसरतात, मग पाणी आत येतं ते कळतच नाही, म्हणून उतरायच्या आधी बुचं आणि आतलं पाणी उपसायचा पंप दोन्ही बघायलाच पाहिजेत. काठावरून तिरकं नाही, सरळ आणि हळू उतरायचं. मध्येच सेल्फीसाठी उभं राहणं तर नकोच, गाडी कलंडते.

आता कोणीतरी म्हणत होतं ऐरोलीच्या खाडीत नेऊ. तिथे भरती-ओहोटीचा ओढ, चिखलात चाकं रुतली की संपलं, शिवाय २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे ते.

पोहता येणाऱ्यानेही जॅकेट अंगात घालूनच बसावं, सीटखाली ठेवून काय पूजा करायचीय?

– एक वाचक, ऐरोली