आपलं दुकान, रात्रीचा सिनेमा आणि ती एफडी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "बरं बरं, ठीक आहे" म्हणतात आणि मग रात्रभर कूस बदलत राहतात, असं वहिनी सांगते. म्हणून पत्र लिहिते आहे. आधी जेवून घ्या, मग वाचा.

माझ्या नावाची एफडी मी मोडली. सगळी नाही, अर्धी. उरलेली पुन्हा ठेवली आहे, नॉमिनी आईच आहे. त्या पैशांत मी आपल्या दुकानात सिनेमा काढते आहे. छोटा, विनोदी, दुपारभर काउंटरमागे कंटाळलेल्या पोट्ट्यांचा. कॅमेरावाला, आवाजवाला, काम करणारी मुलं, सगळं ठरलं आहे. मे महिन्यात रात्री शूटिंग. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणालाच नसता. हो म्हणून आतल्या आत झुरत बसला असता, आणि बायपासनंतर मला ते नको आहे.

बाबा, ते पैसे लग्नासाठी होते हे मला माहीत आहे. दिवाळीत आम्हा दोघांना कपडे घेऊन तुम्ही जुनाच सदरा इस्त्री करून घालायचे, हेही मी पाहिलं आहे. त्यातला एक रुपयाही उधळणार नाही. लग्न होईल तेव्हा रजिस्टर करू, आणि जेवण घरच्या अंगणात, आईच्या हातचा वडाभात. मला त्याहून मोठं काही कधीच नको होतं. तुमचं स्वप्न लहान करते आहे असं मात्र मनात आणू नका.

"हे खूळ आलं कुठून?" असं आई विचारेलच. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये लिओनार्डो नावाचं गाव आहे. तिथल्या क्विक स्टॉप नावाच्या किराणा दुकानात केविन स्मिथ नावाचा मुलगा नोकरी करायचा. फिल्म स्कूल त्याने अर्धवट सोडलं होतं. दिवसा गल्ल्यावर बसायचा आणि रात्री, दुकान बंद झालं की तिथेच शूटिंग करायचा. पैसे वाचावे म्हणून सिनेमा कृष्णधवल. एकूण खर्च २७,५७५ डॉलर, म्हणजे तिकडच्या हिशेबाने काहीच नाही. त्यासाठी त्याने आपली कॉमिक्स विकली, क्रेडिट कार्डं संपवली. (बाबा, मी कार्डाला हात लावणार नाही, शप्पथ.) सिनेमाचं नाव 'क्लर्क्स'. दोन मुलं, एक किराणा दुकानात, दुसरा शेजारच्या व्हिडिओच्या दुकानात, दिवसभर गिऱ्हाइकं सांभाळतात आणि बोलत बसतात. बस, एवढंच. १९९४ साली सनडान्स महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं, पुढे कान महोत्सवातही. कमाई ३० लाख डॉलरच्या वर गेली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत तो जतनासाठी निवडला गेला. दुकानात बसणाऱ्यांच्या कंटाळ्याला कोणीतरी एवढं मोलाचं मानलं, हे वाचलं तेव्हा मला तुम्हीच दिसलात.

शूटिंग रात्रीचं असल्यामुळे त्याला शटर उघडता येत नव्हतं. मग त्याने गोष्टीतच घातलं, की कुलपात कोणीतरी च्युइंगगम भरला म्हणून शटर उघडत नाही. आपल्याला तर असं काही शोधायचीही गरज नाही. मे महिन्यात आपल्या नागपूरच्या महाल भागात दुपारी अर्धं शटर खाली, बाहेर हिरवी जाळी, दारात वाळ्याची ताटी, आत कूलरची घरघर. बाहेर रात्र आहे की दुपार, कोणाला कळणार? गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंत दुपारी दोन ते पाच चिटपाखरू नसतं आणि आपली पोट्टी पुढचं गिऱ्हाईक सेफ्टीपिन मागेल की कव्हरचा कागद, यावर पैज लावतात. एखादी बाई तेवढ्या उन्हात येते, सगळी बटणं काउंटरवर ओतायला लावते आणि "संध्याकाळी येते" म्हणून जाते. हे तुम्ही आयुष्यभर हसून सोसलं. रात्री जेवताना सांगायचात आणि आई भाकरी थापता थापता हसत सुटायची.

मी काउंटरखाली वह्यांच्या गठ्ठ्यावर झोपायची ना? जाग आली की तुम्ही पुठ्ठ्याने वारा घालत असायचे, दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला सुटे मोजून देत. त्या नव्या वह्यांचा वास अजून आवडतो मला. गठ्ठा फोडला की आधी मीच हुंगते.

दुकानाची काळजी करू नका. दिवसा दुकान नेहमीसारखंच चालेल, फक्त सकाळी थोडं उशिरा उघडेल. काचेच्या बांगड्या सगळ्या माळ्यावर हलवल्या. गल्ला रिकामा करून किल्ली मोठ्या काकांकडे. देवाच्या फोटोपुढे दिवा आधी, मग लाइट लावायचे. खाणंपिणं मागच्या अंगणात, तर्रीचा एक थेंब मालावर पडू देणार नाही. आपल्या दोन्ही पोट्ट्यांना रात्रीचे वेगळे पैसे देते आहे. पहाटे काकांचा मुलगा घरापर्यंत सोडतो, मी एकटी येत नाही. दुपारी झोपते, ताक पिते, कांदा जवळ ठेवते. आई, झालं समाधान?

आता माझं ऐका. बाबा, गोळ्या डबीतून वारांप्रमाणेच घ्यायच्या, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायच्या नाहीत. लिफ्ट बंद असेल तर खाली उतरायचंच नाही, दूध दादा आणेल. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. आणि मे महिन्यात दोघांनीही नागपूरला यायचं नाही. शूटिंग बघायलाही नाही. 'क्लर्क्स' दादाच्या मोबाइलवर शोधून बघू नका. त्यातलं बोलणं फार शिवराळ आहे, नुसत्या संवादांमुळे त्याला आधी सतराच्या आतल्यांना बंदी करणारं प्रमाणपत्र मिळालं होतं, ते पुढे अपिलात सैल झालं. आपल्या सिनेमात तसं काही नाही, मोठ्या काकूंसोबत बसून बघता येईल.

आई, एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. त्या सिनेमात केविन स्मिथची सख्खी आई आहे. दुधाच्या बाटल्या एकेक उचलून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचं छोटंसं काम तिने केलं आहे. आपल्याकडे बटणवाली बाई तूच कर. तेवढाच प्रसंग मी जुलैसाठी राखून ठेवला आहे, पाऊस पडून गार झाल्यावर. बाबा, तुम्ही समोर खुर्चीवर बसा आणि ती बाई नेमकी काय काय बोलायची ते आईला सांगा, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त आठवतं. मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं, ते हो म्हणाले तरच यायचं. तिकिटं मी काढते, खालचे दोन्ही बर्थ. दादाला काढू देऊ नका, तो घाईत वरचे घेतो.

तुमची,
बेबी